लेखी परवानगी

"सर, वायर बदलून पाह्यली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला," देवेश सर घाम पुसत म्हणाले. "इकडचा पडदा दिसून राह्यला, पण टीव्ही काळाच हाय."

मोताळ्याच्या अलीकडच्या त्या गावातली अर्धी माणसं शाळेच्या मांडवात बसली होती. मुख्याध्यापक वैजनाथ सरांच्या गळ्यात निवृत्तीचा हार पडला होता. त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचे फोटो आता मोठ्या टीव्हीवर दिसायचे होते.

शाळेचे शिपाई पंजाबराव पाण्याच्या जारजवळ उभे राहून पाहत होते. काय बिघडलंय ते त्यांना मंगळवारपासून ठाऊक होतं. मंगळवारी देवेश सरांनी शाळेच्या संगणकातल्या लिनक्स प्रणालीवर नवं अपडेट टाकलं, तेव्हा पंजाबराव तिथेच फरशी पुसत होते. तेच अपडेट पंजाबरावांनी आधीच घरच्या संगणकावर टाकलं होतं. तिथेही जोडलेला दुसरा पडदा असाच काळाठिक्कर पडला होता आणि दोन दिवस डोकं खाजवून त्यांनी उपाय शोधला होता. तरी मंगळवारी ते बोलले नाहीत. फडकं पिळलं आणि पुढच्या खोलीत गेले.

सहा वर्षांपूर्वी, तपासणीच्या दिवशी, वैजनाथ सरांनीच भलतीकडे क्लिक करून दुसरा पडदा घालवला होता. साहेब दारात आले तसे सर ओरडले, "पंजाब, तूच हात लावला ना बे?" सातवीच्या वर्गासमोर पंजाबरावांना कान धरायला लावलं. वर लिहूनही घेतलं, यापुढे संगणकाला हात लावणार नाही. त्या वर्गात तिसऱ्या बाकावर त्यांची मुलगी वैष्णवी होती. संध्याकाळी ती बापाच्या सायकलवर बसली नाही. पायी घरी गेली.

महिन्याभरात पंजाबरावांनी बुलढाण्याहून भंगारातला संगणक आणि दोन पडदे आणले. रोज संध्याकाळी उघडून बसत.

"काय कामाचं हो हे?" बायको विचारी.

"येईन कामी."

आज ते कामी आलं होतं.

"पंजाब, तुले येते म्हणे हे?" वैजनाथ सरांनी अखेर हाक मारली.

पंजाबराव टेबलापाशी गेले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "मले हात लावाची परवानगी नाही सर. लेखी हाय तसं."

"अबे, जुनं काऊन काढतं आता?"

"मंग नवं लेखी द्या."

माईक टेबलावर चालूच होता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि पाठीमागे दोन ओळी खरडल्या. पंजाबरावांनी त्या सावकाश वाचल्या.

"त्या दिवशी पडदा कोनं बंद केला, थे नाही लिहिलं."

पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी महामायाबाईंनी मान खाली घातली. सरांनी पेन खाली ठेवला. मग ते पुटपुटले, पण माईकने ते शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. "मीच केला होता. पंजाबरावची चूक नव्हती."

पंजाबराव खुर्चीवर बसले. सगळं बंद करून लॉगिनच्या पानावर आले, कोपऱ्यातलं दातेरी चक्र दाबलं, त्यातून पडदे चालवायची आधीची, जुनी पद्धत निवडली आणि आत जाऊन दुसरा पडदा चालू केला. मिनिटभराचं काम. टीव्हीवर काळ्याभोर केसांचे वैजनाथ सर हसले. टाळ्या पडल्या. खरे सर मात्र हाराची पाकळी खुडत खाली पाहत होते. पंजाबरावांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं. कीव आली नाही.

पंगती उठल्यावर त्यांनी अकोल्याला फोन लावला. वैष्णवी तिथे नर्सिंग शिकत होती.

"आज सरनं कबूल केलं वं, सगळ्या गावासमोर. पडदा त्यायनंच घालवला होता. मायी चूक नव्हती."





"बाबा, मले थे तव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "मी समोरच तं बसली होती. पाह्यलं होतं मी. पण बोलली नाही. म्हनूनच तुमच्या सायकलवर नाही बसली."

पंजाबरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही जेवले का?" तिने विचारलं.

"हाव, जेवलो," ते म्हणाले. फोन खिशात ठेवून ते उपाशीच मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालू लागले.