न दिसणारा साप

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझं झाकण घट्ट बसतं आणि त्यातून आतलं काही म्हणजे काही दिसत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा तंटा त्यावरूनच आहे.

कारखान्यात दणके खाऊन मी घडलो, दुकानात धूळ खाल्ली आणि मग एका सुताराच्या घरी आलो. त्याला एकच मुलगी, लाडाने तिला ठमी म्हणत. तिचा शाळेचा खाऊ माझ्यातून जायचा. पण बापाला साधा डबा भरणं माहीतच नव्हतं! कधी उकडलेल्या अंड्याला लवंगांचे वटारलेले डोळे, तर कधी पोळीवर वेटोळं घातलेला काकडीचा साप. मधल्या सुट्टीत ठमी झाकण उघडायची आणि किंचाळायची. सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा व्हायचा. मग ती शेपटीपासून साप खायची. संध्याकाळी बाप साळसूदपणे विचारायचा, "काय गं, डबा बरा होता ना?" आणि दोघं पोट धरून हसायची. त्या हसण्यात माझाही वाटा होता. मी कधी बातमी फुटू दिली नव्हती.

मग मावशीने नवा डबा आणला. निळा, तीन कप्प्यांचा, झाकण काचेसारखं आरपार. "अय्या, किती गोड!" ठमी म्हणाली. मला इतक्या वर्षांत कुणी गोड म्हटलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी बापाने मोठ्या हौसेने त्यात साप ठेवला. ठमीने डबा उचलला आणि म्हणाली, "बाबा, साप दिसतोय."

बाप कसनुसा हसला. त्यानंतर रोज नुसती पोळीभाजी जाऊ लागली. संध्याकाळी डब्याबद्दल कुणी काही विचारेना. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण घरातलं हसणंच गेलं, त्याचं काय? त्यात भर म्हणजे बापाने माझ्यात खिळे भरले. माझ्या पोटात टोचायचं आणि समोर तो निळा धुऊनपुसून ऐटीत बसलेला असायचा.

एका सकाळी बाप अंघोळीला गेला असताना ठमीने मला उचललं, खिळे ओतून काढले आणि मला घासूनपुसून लख्ख केलं. पुढे काय केलं ते सांगत नाही. बातमी फोडायची मला सवय नाही.

दुपारी एका घरी दाराची चौकट बसवताना बापाने खिळ्यांसाठी माझं झाकण उघडलं.

"अगं आई गं!" तो स्टुलावरून खालीच उडाला. आत काकडीचा साप, जाडाभरडा, टोमॅटोच्या सालीची जीभ काढलेला. घरमालकीण धावत आली. बाप जमिनीवर बसून हसत होता आणि डोळे पुसत साप खात होता, शेपटीपासून.

खिळे त्याच्या पिशवीच्या तळाशी सापडले. निळ्या डब्यात.

"बाबा, डबा बरा होता ना?" संध्याकाळी ठमीने दारातच विचारलं.

मित्रांनो, नव्या डब्यांचे लाड खुशाल करा. पण पोचे पडले म्हणून आम्हा जुन्यांत खिळे भरू नका. तुमच्या बाबांना साप लपवायला जागा लागते.

मी आता रोज शाळेत जातो. निळा बापाबरोबर कामावर जातो. लोक त्याला बघून म्हणतात, "छान आहे हो, कुठला खिळा कुठे ते लगेच दिसतं." तेवढंही मला बघवत नाही.