शुक्रवारचं गाणं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे क्लचताई म्हणायचे. तिचं खरं नाव लायसनवर होतं आणि तिथेच राहिलं. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत तिच्या तोंडी एकच जप असायचा : क्लच, क्लच, हळू सोडा क्लच. शिकून गेलेली माणसं वर्षानुवर्षांनी रस्त्यात भेटली, तरी आधी हा शब्द उच्चारून मगच तिची चौकशी करायची.

गाण्यांचा नाद तिला याच गाडीत लागला. नवशिक्या माणसाला शांतता सोसत नाही. इंजिनाचा आवाज, स्वतःचा श्वास आणि शेजारी बसलेल्या बाईची नजर, एवढं मिळून त्याच्या तळहातांना घाम फुटतो. म्हणून तिने गाणी लावून पाहिली. पण सिनेमातली गाजलेली गाणी लावली की भलतंच व्हायचं. धृपद आलं की माणूस ॲक्सिलरेटरवर पाय दाबायचा. एका गृहस्थाला तर एका जुन्या गाण्यावर कॉलेजातली कुणीतरी आठवली, आणि त्यांनी गाडी दुभाजकाला नेऊन टेकवली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ओळखीचं गाणं माणसाला कुठेतरी ओढून नेतं. कुणी कधी न ऐकलेलं गाणं मात्र शेजारी गुपचूप बसून राहतं.

तशी गाणी शोधायची तर कुठे शोधायची? ती दुपारी डबा खाताना गाडीच्या काचा वर करून फोनवर शोधू लागली. एखादा गायक सापडला की त्याने कुणाची तारीफ केली आहे ते बघायचं, मग त्याच्याकडे जायचं, तिथून पुढच्याकडे. असं करत ती अशा लोकांपर्यंत पोचली ज्यांची गाणी त्यांच्या घरच्यांनीही पुरती ऐकली नसावीत. रात्रपाळी करणारी एक नर्स होती, ती झोपेवर गाणी करायची. फ्रीज दुरुस्त करणारा एक जण होता, त्याची बोली तिला अर्धीच कळायची, पण चाल डोक्यातून जायची नाही. दोन साडू मिळून गाणारी एक जोडी होती. त्यांच्या गाण्यांत सासऱ्यांचं नाव कुठे येत नसे, पण रोख बरोबर कळायचा.

शिकून गेलेल्यांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यावर ती दर शुक्रवारी एक गाणं सांगायची आणि खाली चार ओळी लिहायची. कोण गातं, कुठल्या बोलीत गातं, काय आवडलं, काय नाही. ‘सुरुवातीचं वाजवणं लांबलंय, तेवढं सोसा,’ असंही लिहायची. ‘शेवटचं कडवं नसतं तर बरं झालं असतं,’ असंही. गाणं सांगण्याआधी ती ते तीनदा ऐकायची : एकदा नुसतं बसून, एकदा गाडी चालवताना, एकदा भांडी घासताना. तिन्ही ठिकाणी टिकलं तरच शुक्रवारी जायचं. कुणाची भीड नाही, कुणाचा वशिला नाही.

ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तर ही गाणी आपल्या दवाखान्यात लावायच्या. खुर्चीवर आडवा पडलेला पेशंट तोंड उघडं ठेवूनच हाताने विचारायचा, हे कुणाचं? बाई म्हणायच्या, “आधी चूळ भरा, मग सांगते.”

घोडं अडलं ते घरातच.

क्लचताईचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होता, आणि तोही गाणी करायचा. कपाटात रजया टांगून, त्यांच्यात डोकं खुपसून तो रेकॉर्डिंग करायचा. गिटार स्वतः वाजवायचा, शब्द स्वतः लिहायचा. त्याने पाच गाणी नेटवर टाकली होती आणि पाचही गाण्यांत त्याला कुणीतरी सोडून गेलं होतं. प्रत्यक्षात त्याला कुणी सोडून गेल्याचं घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. उलट दोन ठिकाणची स्थळं त्यानेच परतवली होती.

ताईने ती गाणी ऐकली होती. बसून ऐकली, गाडीत ऐकली, भांडी घासायची वेळच आली नाही. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तो ग्रुपवर होता. दर शुक्रवारी वाचायचा आणि गप्प बसायचा.

गप्प बसली नाही ती आई.

“गावभरच्या पोरांची गाणी सांगत फिरतेस,” आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, “आणि पाठचा भाऊ तेवढा तुला दिसत नाही.”

“आई, तसं नसतं ते.”

“मग कसं असतं? तो काय वाईट गातो? दूधवाल्याला ऐकवलं मी, तो उभा राहून ऐकत होता.”

“तू कॅन हातात धरून ठेवलास तर तो जाणार कुठे?”

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस ती ताईशी कामापुरतंच बोलली, आणि तेही भिंतीकडे बघून. ‘ज्याला चहा हवा असेल त्याने घ्यावा,’ अशा थाटात. शेवटी ताईने हात टेकले. एक गाणं सांगितल्याने काय आभाळ कोसळणार आहे, असं स्वतःला समजावून तिने त्या शुक्रवारी धाकट्याचं त्यातल्या त्यात बरं गाणं ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘मनापासून गायलेलं एक सुंदर गाणं. नक्की ऐका.’ तो आपला भाऊ आहे हे लिहिलं नाही. फोन उपडा ठेवला आणि कामाला लागली.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ‘छान’, ‘मस्त’, ‘वा’ असं बरंच काही जमलं. आईने चहा हातात आणून दिला. ताईला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “तब्येत बरी आहे ना तुमची?”

“हो. का हो?”

“तुम्ही कधी ‘नक्की ऐका’ लिहीत नाही. कुठे कंटाळा येईल ते लिहिता. म्हटलं, ताप-बिप आला की काय.”

ताईला उगाच पाणी प्यावंसं वाटलं. मग तिने सांगून टाकलं, की तो माझा भाऊ आहे आणि आईने धोशा लावला होता.

बाई हसल्या नाहीत. “समजू शकते,” त्या म्हणाल्या. “माझी नणंद दर वर्षी नवी टूथपेस्ट विकायला घेते, मी कपाट भरून ठेवलंय. पण खरं सांगू का? आता पुढच्या शुक्रवारी गाणं ऐकताना माझ्या मनात येणार, हा कुणाचा कोण असेल?”

हे बोलणं ताईच्या जिव्हारी लागलं. पण त्याहून मोठं प्रकरण अजून यायचं होतं.

सोमवारी धाकट्याने तिला तो काम करत होता त्या इमारतीत बोलावलं. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत तो ग्रीसने माखलेले हात पुसत बसला होता. मोटरीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं. तिने डबा आणला होता, तो त्याने बघितलाही नाही.

“त्या दोन साडूंबद्दल तू किती लिहिलं होतंस, आठवतं?” तो म्हणाला. “एकाचा श्वास कुठे तुटतो, दुसरा तिथे कसा सांभाळून घेतो, सगळं. आणि माझ्याबद्दल दोन ओळी. त्या दोन ओळी कुठल्याही गाण्याखाली चिकटवता येतील.”

“लोकांना आवडलं की पण. एवढ्यांनी छान म्हटलं.”

“ताई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. ‘छान चालतेय’ म्हणणाऱ्याकडून मला काही कळत नाही. तिसऱ्या मजल्यावर खटकन आवाज येतो, असं सांगणाऱ्याकडून कळतं. तुला माझं गाणं आवडलेलं नाही, हे मला दोन वर्षं माहीत आहे. मी तुला कधी विचारलं का? मग खोटं कशाला लिहिलंस?”

आईचं नाव पुढे करण्यात अर्थ नव्हता, लिहिलं तर तिने स्वतःच होतं. तिने झाकणावरचे सुटे स्क्रू एका जागी गोळा केले. मग म्हणाली, “ऐकायचंय?”

“त्यासाठीच बोलावलंय.”

“तू गातोस तेव्हा तो तुझा आवाज नसतो. तू बोलतोस एका आवाजात आणि गातोस दुसऱ्याच कुणाच्या. हुंदका कुठे द्यायचा ते ठरवून देतोस. आणि तुला सोडून कोण गेलंय रे? पाच गाणी झाली, आता तरी सांग.”

त्याने पाना उचलला.

“एक मात्र आहे,” ती म्हणाली. “मधे शब्द थांबतात आणि तू नुसता वाजवतोस ना, तेवढ्यात मी हातातलं काम सोडून ऐकते. प्रत्येक गाण्यात. हे खोटं नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मोटरीत डोकं घालून कामाला लागला. ती डबा ठेवून जिने उतरली, कारण लिफ्ट अर्थातच बंद होती.

त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसतं टाकलं. आपल्या भाड्याच्या खोलीवरून घरी आला तर आईशी बोलायचा, जेवायचा, जायचा. आईला वाटलं, गाणं सांगूनही पोरगी कुठेतरी चुकली असणार, आणि तिचंही तोंड पुन्हा भिंतीकडे वळलं. ताईने एकदा ग्रुपवर खरं काय ते लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. आपलं मन हलकं व्हावं म्हणून त्याला दुसऱ्यांदा चव्हाट्यावर कशाला आणायचं? तिने पुढचे शुक्रवार मोकळेच सोडले. लोकांनी विचारलं तर म्हणाली, सध्या ऐकणं होत नाही. ते खरंच होतं. गाणं लावलं की तिला वाटायचं, हे मला आवडतंय, की आवडायला हवं म्हणून आवडतंय? गाडीत ती आता रेडिओवरच्या बातम्या लावायची. नवशिके गाडी बरी चालवायचे, पण चेहरे उतरलेले असायचे.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला एक गाणं पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही सांगत नाही म्हणून मीच शोधायला लागले, तुमच्याच पद्धतीने. रोपवाटिकेतल्या बाई आठवतात? त्यांचं नवीन आलंय. पहिल्या ओळीला आवाज जरा बसलेला आहे, पण थांबा.’

या रोपवाटिकेतल्या बाई डोंगरापलीकडच्या कुठल्याशा गावात कलमं विकायच्या आणि तिथल्या बोलीत गायच्या. साथीला काही नाही. मागे पाण्याचा पंप चालू असायचा, तोच काय तो ठेका. ताईने त्यांचं एक गाणं मागे सांगितलं होतं.

तिने हे गाणं लावलं तेव्हा शेजारी पोस्टातल्या बाई गाडी शिकत होत्या. चौकात सिग्नल लाल होता. गाणं एका झाडाबद्दल होतं, जे विकायला काढलं होतं पण कुणी घेतलं नाही, आणि आता कुंडीत मावत नाही. खाली कुणीतरी गिटार वाजवत होतं, इतकी कमी की ती आहे हे कळायलाही वेळ लागावा. मग बाई थांबल्या आणि नुसती गिटार उरली. दोन सूर, एक थांबा, पुन्हा तेच दोन सूर, पण या वेळी उशिरा.

ताईने शेरा लिहिता लिहिता हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“ताई,” पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “हिरवा झालाय. जाऊ का?”

मागून हॉर्न वाजत होते. इतक्या वर्षांत तिचा सिग्नल कधी हुकला नव्हता. “जा,” ती म्हणाली. क्लचबद्दल काहीच बोलली नाही. बाईंनी गाडी बंद न पाडता पुढे नेली.

संध्याकाळी ती भावाच्या खोलीवर गेली. तो रजया घडी घालत होता.

“त्या बाई कशा भेटल्या?” तिने दारातूनच विचारलं.

“भेटल्या कुठे? अजून बघितलेलंही नाही. तूच सांगितलं होतंस ते गाणं. मी त्यांना लिहिलं, तुमच्या आवाजाखाली गिटार वाजवू का? म्हणाल्या, वाजवून पाठवा. पाठवलं. म्हणाल्या, फार वाजवलंत. कमी केलं. म्हणाल्या, अजून फार आहे.” तो हसला, बऱ्याच दिवसांनी. “चार वेळा परत पाठवलं बाईंनी. तुझ्यापेक्षा खट आहेत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू भाऊ म्हणून ऐकलं असतंस.”

ती आत येऊन खाटेवर बसली. तिला भरून आलं होतं, पण तसं दाखवायची दोघांनाही सवय नव्हती, म्हणून तिने रजईचं एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी घातली.

“गायचं सोडलंस?” तिने विचारलं.

“नाही. सोडणार पण नाही. तुला आवडत नाही म्हणून मी गप्प बसायचं असं थोडंच आहे.” मग म्हणाला, “पण सध्या कुणी सोडून गेलेलं नाही. लिहायला दुसरं काहीतरी शोधतोय.”

त्या शुक्रवारी ग्रुपवर गाणं आलं. खाली नेहमीपेक्षा दोन ओळी जास्त होत्या. ‘रोपवाटिकेतल्या बाईंचं नवीन गाणं. पहिल्या ओळीत आवाज बसलेला आहे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच आहे. मधली गिटार दोनदा ऐका, एकदा पुरत नाही. शेवट एकदम तुटतो, तो मला पटला नाही. गिटार वाजवणारा माझा भाऊ आहे. त्यामुळे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.’

‘ठरवलं,’ असं डॉक्टरीणबाईंनी लगेच लिहिलं. ‘दवाखान्यात लावलंय.’

धाकट्याने तासाभराने लिहिलं, की शेवट तसाच हवा आहे, आणि ताईला त्यातलं काही कळत नाही. त्यावर साडूंच्या जोडीच्या एका चाहत्याने त्याची बाजू घेतली, शिकून नुकत्याच ग्रुपवर आलेल्या पोस्टातल्या बाईंनी ताईची, आणि दुपारपर्यंत ग्रुपवर त्या शेवटावरून चांगलीच जुंपली. रात्रपाळीची नर्स आवडणारे लोक, जे कधीच काही लिहीत नसत, तेही मधे पडले.

आईने ते गाणं दुपारी ऐकलं, फोन कानाला लावून, डोळे मिटून. संपल्यावर म्हणाली, “गाते तर ती बाई. आपला पोरगा कुठे आहे यात?”

“मधे आहे,” ताई म्हणाली. “पुन्हा लाव, सांगते.” आणि ती आईशेजारी जमिनीवर बसली.