पहिल्या रांगेतली दाद

मुकुंदरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि बुवांनी षड्ज लावायच्या आत स्वतःला पुन्हा एकदा बजावलं, काही झालं तरी तोंडातून अवाक्षर निघता कामा नये.

पहिली रांग, मधली खुर्ची. सोलापुरात पंडित सोमशेखरबुवांचं गाणं असलं की ही खुर्ची मुकुंदरावांची, हे चाळीस वर्षं ठरून गेलेलं. तसे ते काही कुणी बडे नव्हेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ. पण दाद द्यावी तर त्यांनी. त्यांची 'वा!' समेवर अशी नेमकी पडायची की बुवा डोळे उघडून आधी त्यांच्याकडे बघायचे आणि मग तबलजीकडे. आजही बुवा बघणार, आणि समोर दगड बसलेला दिसणार. मुकुंदरावांनी तीन महिने मनात हाच बेत घोळवला होता.

तीन महिन्यांपूर्वी टेंभुर्णीच्या प्रचारसभेतली बुवांची क्लिप सगळ्यांच्या फोनवर फिरली. गळ्यात पक्षाचं उपरणं, हातात माईक. बुवा सांगत होते, "लोक म्हणतात, मी खाँसाहेबांचा शिष्य. कसले खाँसाहेब? ही विद्या आपल्या देवळातली. त्यांनी पळवली, आपण परत आणली." त्यावर टाळ्यांचा कडकडाट.

मुकुंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बुवांचं राजकारण त्यांना कधीच पटलं नव्हतं, पण ते बाजूला ठेवता येत होतं. माणूस मत कुणाला देतो हे विचारून का कुणी गाणं ऐकतं? हे मात्र बाजूला ठेवता येईना. याच माणसानं याच शहरात, दर मैफलीत, खाँसाहेबांचं नाव घ्यायच्या आधी कानाची पाळी धरली होती. गवई गुरूचं नाव तसंच घेतात. बुवांचे तर डोळेही भरून यायचे. म्हणजे ते नाटक होतं? आणि त्या नाटकापुढे आपण चाळीस वर्षं मान डोलावत बसलो?

त्या दिवशी ते स्कूटर काढून तडक विजापूर वेशीत दस्तगीरच्या दुकानात गेले होते. दस्तगीर पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे हार्मोनियम. खाँसाहेब त्याचे सख्खे आजोबा. त्यानं क्लिप आधीच बघितली होती. एका पेटीच्या भात्याला तो चामडं चिकटवत होता.

"राग नाही आला तुम्हाला?" मुकुंदरावांनी विचारलं.

"बुवा अक्कलकोटाकडनं आला तवा बारा वर्षांचा हुता म्हणे. कानडीबिगर एक अक्षर येत नव्हतं," दस्तगीर म्हणाला. "आठ वर्षं ऱ्हायला आमच्यात. जंगमाचं पोरगं, वास सोसंना. दादीमानं आठ वर्षं घरात मटण शिजू दिलं न्हाय. ईदला पण दादामियाँ भावाकडं जाऊन जेवून यायचे."

एवढं बोलून त्यानं चामड्यावर अंगठा दाबून धरला. डिंक कधीच धरला असेल, तरी अंगठा काढला नाही.

"यंदा बुवांच्या गाण्याला मी नेहमीसारखा पुढं बसणार, आणि दाद देणार नाही," मुकुंदराव म्हणाले. "सगळ्या सोलापूरसमोर. तुमच्या वतीनं."

"माझ्यासाठी कशाला मास्तर?"

"शब्द आहे माझा."

दस्तगीरनं भाता उलटा करून दुसरी कड चिकटवायला घेतली होती.

रविवार सकाळची मैफल. छापील पत्रिकेत रागाचं नाव नुसतं 'तोडी'. 'मियाँ की तोडी'मधलं 'मियाँ की' एवढं कुणीतरी काळजीपूर्वक गाळलं होतं. तानपुरे जुळले, आणि ऐंशी वर्षांच्या बुवांचा पहिला सूर जरा कापराच लागला. मुकुंदरावांना हायसं वाटलं. चला, संपलं याचं. वाईट गाणाऱ्या माणसावर रागावून बसायला काही कष्ट पडत नाहीत.

पण दहा मिनिटांत गळा तापला. कोमल गंधार असा काही लागला की मुकुंदरावांच्या अंगावर काटा आला. येऊ दे, त्यांनी स्वतःची समजूत घातली, काटा काही कुणाला दिसत नाही. मग त्यांनी खाली मान घालून चपलांकडे बघायला सुरुवात केली. बुवांनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, ते त्यांना न बघताही कळलं. पाहू दे. त्या आठ वर्षांच्या भाकरीची आठवण होऊ दे जरा.

द्रुत बंदिश सुरू झाली. बुवांनी वरच्या षड्जावरून एक लांब तान खाली सोडली. ती समेवर आदळणार म्हणून तबलजीनं हात उचलला, आणि बुवा समेच्या ऐन तोंडाशी थांबले. अर्धी मात्रा, अगदी निवांत. मग झोपलेल्या माणसाशेजारून जावं तितक्या हलक्या पावलानं समेवर आले.

"वा! क्या बात है!"

हा आवाज कुणाचा, हे मुकुंदरावांना आधी कळलंच नाही. मग वर गेलेला स्वतःचा उजवा हात दिसला.

बुवा माईकवरूनच हसले. "मुकुंदराव! मला वाटलं, यंदा रुसलात की काय!"

सभागृह हसलं. कॅमेरावाल्यानं कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. मुकुंदरावांना आधी वाटला तो निव्वळ आनंद. लाज मागून आली, आणि आली ती अशी की खुर्चीत बसवेना. बुवांनी फसवलं ते फसवलंच. पण आपल्याच गळ्यानं आपल्याला फसवावं? बंदिश संपताच ते उठले आणि लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडले.

स्कूटर आपसूक विजापूर वेशीकडे वळली. दस्तगीर दुकानात एकटाच होता, समोर उघडी पेटी.

"या मास्तर. बसा."

मुकुंदराव बसले नाहीत. "नाही दिली दाद," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "हूं की चूं केलं नाही. बुवा बघत राहिले नुसते. मग उठून आलो."

इतकं सफाईनं आपल्याला खोटं बोलता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दस्तगीरनं मान हलवली. तेवढ्यात डिंकाच्या डब्यामागून बारीक टाळ्या ऐकू आल्या. डब्याला टेकून फोन उभा होता, आणि फोनवर सभागृहातलं थेट प्रक्षेपण चाललं होतं. बुवा भजनाची तयारी करत होते. पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती.

दस्तगीरनं हात लांब करून फोन बंद केला.

"दादामियाँची जागा हुती ती, समेआधी थांबायची," तो म्हणाला. "हितं माझ्या तोंडातनं पण वा निघाली. तुमची आन् माझी एकदमच."

"दस्तगीरभाई, मी..."

"निघणारच की. त्यो गातोच तसं. त्याचं काय न्हाय." त्यानं पेटीची एक पट्टी उचलली, फुंकर मारली आणि परत जागेवर ठेवली. मुकुंदरावांकडे त्यानं अजून बघितलं नव्हतं.

"पण मी तुमाला काय विचारलं तरी हुतं का, मास्तर?"