मधला थर

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. रस्सा बिघडला तर म्हणायचं, "चव वेगळीच आलीये हं." शिवण फसलं तर म्हणायचं, "रंग किती छान घेतलेस." मिनेसोटातला हिवाळा शेजारणीशी वाकडं घेऊन निघत नाही, असं माझी आई सांगायची. मी मेली त्यातच वाढले आणि त्यालाच चांगुलपणा समजत आले.

लव्हॉन माझी शेजारीण. चर्चच्या तळघरात आम्ही बायका दर गुरुवारी शिवायला बसतो. गरम भांडं धरायचे चौकोनी पॉटहोल्डर करतो, गोधडीसारखे टाके घालून, आणि नाताळाआधीच्या विक्रीत ठेवतो. दिसायला लव्हॉनचे सगळ्यांत देखणे. चांदण्यांची टोकं अशी जुळवते की बघत राहावं. पण आत भरते काय, तर पांघरुणात घालतात तो पॉलिस्टरचा कापूस. पॉटहोल्डर गुबगुबीत होतो, पण तापलेलं भांडं धरलं की हात भाजतो.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक तिला सोडून. तिच्या घरी ओव्हनमधून भांडं काढायचं काम तिच्या नवऱ्याचं, हॅरल्डचं. तो आपले वेल्डिंगचे चामडी हातमोजे चढवायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला, तेव्हापासून तेच हातमोजे ती वापरते. आणि आम्ही शहाण्या काय करायचो? बाहेरच्या गिऱ्हाइकाचा हात भाजायला नको म्हणून विक्रीचं दार उघडायच्या आधीच तिचा माल आपसांत वाटून घ्यायचो. लव्हॉनला वाटायचं, हातोहात खपतात. ती अशी खुलायची की सांगायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

काल दुपारी ती पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. ओव्हनमध्ये बटाटा-खिम्याचा हॉटडिश, आमच्याकडचा थरांचा पदार्थ, भाजत होता. तिने टेबलावर तुकडे मांडले. तिचा तो पांढरा कापूस, सुती भरण, उष्णता अडवणारं चंदेरी अस्तर आणि एका जुन्या लोकरी ब्लँकेटचा तुकडा.

"कर्स्टनचं लग्न ठरलंय," ती म्हणाली. कर्स्टन तिची नात. "पहिलं स्वयंपाकघर पोरीचं. तिला संच करून द्यायचाय. कापडाच्या दुकानातली मुलगी म्हणते, आत निदान दोन थर सुती घाला, नाहीतर हे चंदेरी. म्हटलं, आर्डिसला विचारू. तू खरं सांगशील. मधे काय घालू?"

ब्लँकेट घाल, लोकरीसारखं काही नाही, दुहेरी घाल. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती पुढचं विचारणार, मग इतकी वर्षं का नाही बोललीस?

"तुझं नेहमीचंच घाल," मी म्हणाले. "तुझ्या हाताची सर कशाला येत नाही."

"नक्की? पोरीच्या हाताचा प्रश्न आहे, बाई."

"अगं, नक्की."

ती हसली आणि बाकीचे तुकडे पिशवीत भरायला लागली. तेवढ्यात बाहेरून माझ्या नवऱ्याने हाक मारली. त्याची गाडी बर्फात रुतली होती. मी कोट चढवला आणि जाता जाता म्हणाले, "ओव्हनची घंटी वाजली तर तो बंद कर, लव्हॉन."

गाडी निघायला वेळ लागला. परत आले तेव्हा हॉटडिश शेगडीवर काढून ठेवलेला होता. लव्हॉन नळाखाली हात धरून उभी होती. शेगडीजवळचा खण उघडा होता. वर माझे रोजचे, घडी करून भांडी धरून धरून काळे पडलेले टॉवेल. त्यांच्याखाली तिचे पॉटहोल्डर, थप्पीच्या थप्पी, विक्रीच्या चिठ्ठ्या टाचलेल्या तशाच. एक तेवढा भांड्याशेजारी पडला होता.

तिची बोटं लालभडक झाली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"लोणी लावू का?" मी काहीतरीच बोलले.

"नको. फार नाही भाजलं." तिने नळ बंद केला. "सगळ्यांकडे असाच खण आहे का, आर्डिस?"

मी मान खाली घातली. तिला तेवढं उत्तर पुरलं.

"आणि मघाशी तू म्हणालीस, तेच घाल. कर्स्टनसाठी."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं," मी म्हणाले. तोंडातून निघताच त्या वाक्याची मला किळस आली. तिच्या वाईट वाटण्याची कसली काळजी, मला माझीच कातडी वाचवायची होती.

ती खुर्चीवर टेकली.

"हॅरल्ड कोसळला त्या दिवशी," ती हळू म्हणाली, "मी आधी त्याला उठवत बसले. मग फोन केला. दफनाच्या दिवशी मी तुला विचारलं होतं, माझ्यामुळे उशीर झाला का. तू म्हणालीस, नाही. त्या एका शब्दावर मी वर्ष काढलं."

"ते खरं होतं, लव्हॉन. देवाशपथ. तो पडला तेव्हाच गेला होता, डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं."

"हो का," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. हात धरून सांगितलं. पण माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. "रंग किती छान घेतलेस" म्हणताना लावते तोच.

तिने कोट घातला. भाजलेल्या बोटांनी बटणं लागेनात, मी पुढे झाले तर तिने हलकेच हात बाजूला केला. दाराशी थांबून ती शेगडीकडे बघत म्हणाली,

"हॉटडिश छान झालाय हं, आर्डिस."

तिने तो चाखलाही नव्हता.