पाचव्यांदा तीच मांडणी

लिलाँग्वेच्या एका शाळेत बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीला माझ्या विद्यार्थ्यासमोर, वानांग्वासमोर, त्याचीच बहीण तावोंगा येऊन बसली, तेव्हा मी कपाळावर हात मारला. दोन वर्षांपूर्वी यांची आई गेली. काकाने तावोंगाला ब्लँटायरला नेलं, हा म्झुझूत आत्याकडे राहिला. मध्ये अख्ख्या दिवसाचा बसप्रवास. तेव्हापासून भेट नाही.

"डाव संपला की थेट गाडीत," तिच्या शाळेची गाडी घेऊन आलेल्या काकाने तिला बजावलं होतं. "सगळी पोरं तुझ्यापायी खोळंबलीत."

चाळिसाव्या खेळीला वानांग्वा जिंकत होता. प्यादं दोन घरं सरकवलं की वजीर. आमच्या शाळेला चषक सोडा, साधी ढालसुद्धा कधी मिळाली नव्हती. पण या शहाण्याने हत्तीचा शह दिला. तावोंगाने राजा बाजूला घेतला. याने पुन्हा शह दिला, तिने राजा जुन्या घरात आणला. पुन्हा तेच. मला असा राग आला, वर्षभर शिकवलेलं सगळं पाण्यात.

मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पटाकडे त्याचं लक्षच नव्हतं. डावात बोलायची मनाई, म्हणून तो नुसता बहिणीकडे बघत होता. तीही राजा उचलायला वेळ लावत होती.

तीनदा तीच मांडणी आली तर बरोबरी मागता येते, नाही मागितली तर डाव चालू, हे मीच शिकवलेलं. दोघांनीही मागितली नाही.

पाचव्यांदा पंचांनी घड्याळ थांबवलं. "बरोबरी."

"पण आम्ही मागितलीच नाही," वानांग्वा म्हणाला.

"पाचव्यांदा मागावी लागत नाही, बाळा."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

नव्हतंच सांगितलं. पाचापर्यंत कोण जातंय, म्हणून गाळलं होतं. मला फार वाईट वाटलं.

दोघांनी रीतीप्रमाणे हात मिळवले, पण सोडले नाहीत. बाहेर काकाने हॉर्न वाजवला. दोघांना सोंगट्या परत मांडायला सांगून मी गाडीपाशी गेले.

"सोंगट्या परत मांडून ठेवायच्या असतात," मी म्हटलं. "नियमच आहे."

"बत्तीस सोंगट्यांना किती वेळ लागतो हो, मॅडम?"

"लहान आहेत. लागेल थोडा."

मी आत आले तेव्हा पट पूर्ण मांडून झाला होता. तावोंगाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात फिरवून सगळा विस्कटला.