हिरवं पाणी

आत्याची गाडी आत्यासारखीच होती. वय झालेलं, आवाज मोठा आणि हट्ट त्याहून मोठा. एवढ्यात तिला नवी खोड लागली होती, पाणी पिण्याची. इंजिनावर बसणाऱ्या हेडखालचं गॅस्केट बदलून इंजिन पुन्हा बसवलं, तरी पहिल्याच फेरीनंतर रेडिएटरमधलं पाणी बोटभर खाली गेलं आणि खाली फरशीवर मात्र थेंब नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

कळेना ते आत्याच्या भाचीला. गॅरेज तिच्या बापाचं, पण आता चालवायची ती. बापाला सगळे अप्पा म्हणत. हल्ली ते दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचे. फक्त ही एक गाडी त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली. "माझ्या बहिणीच्या इंजिनाला माझाच हात लागेल," म्हणाले, आणि हेड उतरवताना लेकीलाही जवळ उभं राहू दिलं नाही. तिला वाटलं, करू दे. म्हाताऱ्याला तेवढाच मान.

पण गाडी काही हौसेची नव्हती. आत्याच्या यजमानांची, म्हणजे काकांची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त धुवून घ्यायला त्यांना सारखं मोठ्या इस्पितळात न्यावं लागे, आणि तो रस्ता डोंगरातून जाणारा, वाटेत ना घर ना माणूस. तिथे इंजिन तापून बसलं तर काकांचं काय होईल, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. ठाऊक मात्र सगळ्यांना होतं.

म्हणून लेकीने डोळ्यांत तेल घालून शोध घेतला. होस पाईपच्या क्लिपा आवळल्या. हीटर गळत असेल तर पायाखालचं कापड ओलं लागतं, तेही चाचपलं; कोरडं ठणठणीत. पाणी शिरून ऑइल दुधाळ झालंय का पाहिलं, नव्हतं.

"रेडिएटरचं झाकण बदल," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "जुनं झाकण म्हणजे म्हाताऱ्याचे दात. पकड राहत नाही."

तिने झाकण बदललं, रेडिएटर पुन्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्यागार कूलंटने भरला, आणि काय आश्चर्य, पातळी हलायची थांबली. रोज संध्याकाळी ती गाडी चढावर पळवून आणायची, आणि सकाळी गॅरेजच्या मिणमिणत्या दिव्याखाली झाकण उघडून बोट बुडवून बघायची. पाणी काठोकाठ! अप्पा मिशीत हसायचे. तिलाही हायसं वाटायचं. आई गेल्यापासून अप्पांना हे गॅरेजच काय ते उरलं होतं.

गाडी न्यायला आत्या काकांना घेऊनच आली. काकांचा चेहरा सुजला होता, पायात चप्पल शिरत नव्हती. त्यांना मागच्या सीटवर बसवलं. गाडी दारात उन्हात उभी होती. किल्ली देण्याआधी लेकीने सवयीने एकदा झाकण उघडलं.

पातळी बरोबर होती. रंग गेला होता.

तिने थोडं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलं. हिरव्याची नुसती आठवण उरली होती, बाकी नळाचं पाणी. कूलंटचा डबा तिच्या कपाटात कुलपात असायचा. म्हणजे गळती थांबलीच नव्हती. कोणीतरी रोज वर पाणी भरत होतं. आणि तिच्या आधी येऊन गॅरेज उघडणारं माणूस एकच होतं.

"आत्या, गाडी मिळणार नाही. टॅक्सी बोलव."

"अगं, ह्यांची वेळ टळेल! दादा, तू सांग हिला."

"गाडी ठीक आहे," अप्पा उठत म्हणाले. "माझा शब्द आहे."

"भाऊ शब्द देतोय माझा, अजून काय पाहिजे तुला?" आत्या कडाडली. "बापाला खोटं पाडतेस होय गं?"

लेकीने पाना घेतला आणि इंजिनाचे चारही प्लग काढून बाकावर फडक्यावर ओळीने मांडले. इंजिन आतून काय खातंय ते प्लग सांगतो, हे अप्पांनीच तिला शिकवलं होतं. तीन प्लग भाजलेल्या मातीच्या रंगाचे होते. तिसऱ्या नंबरचा पांढराफेक, वाफेने धुऊन निघालेला. पाणी त्याच सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊन जात होतं.

"अप्पा, तुम्हीच सांगा. यातला वेगळा कुठला?"

अप्पा बाकावर वाकले. खूप वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "सगळे सारखे आहेत."

आत्या दारात होती, दहा पावलं लांब. तिला तिथून तो पांढरा प्लग दिसत होता. तिचा हात तोंडाशी गेला. मग ती बाहेर गेली आणि टॅक्सी बोलवू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ लेकीने उघडली होती, तीही बहिणीसमोर, आणि तिला स्वतःचा संताप आला.

टॅक्सी गेल्यावर अप्पांनी विचारलं, "कुठला गं?"

तिने तिसरा प्लग त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला.

"डॉक्टर म्हणाला, डोळ्यामागचा पडदा झिजलाय. गेलेली नजर परत येत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पाना काढून घेतला असतास."

"आणि काका घाटात अडकले असते तर?"

अप्पा प्लग चोळत राहिले.

"काम मी नीट केलं गं," ते म्हणाले. "हेड वाकलं की पाणी आत शिरतं, म्हणून तेही पाहिलं. त्यावर पट्टी उभी ठेवली, मागे दिवा धरला. खालून उजेड आला तर हेड वाकडं, तुला शिकवलंय ना मी? चांगलं चारचारदा पाहिलं." त्यांनी प्लग बाकावर ठेवला. "मला कुठूनच उजेड दिसला नाही."

लेकीने बाकावरचा पाना उचलला आणि आपल्या खणात ठेवला. अप्पांनी आवाज ऐकला, आणि ते चाचपत दारातल्या खुर्चीकडे वळले.