पिशवीत बघून विचारलेला प्रश्न

पुन्हा.

प्रशिक्षणाच्या मॅडमनी हात वर केला की पुन्हा पहिल्यापासून. मी आरोग्यसेविका, म्हणजे माझंच सोंग मी घ्यायचं. काकू आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. त्या पेशंट. मधे प्लास्टिकचं स्टूल, तो त्यांचा उंबरा.

"झोप लागते का?"

"कसली झोप, बाई. नवरा घोरतो."

"काकू, तुमचा नाही. पेशंटचा नवरा."

"त्याला वेगळं नाक असतं का?"

वर्ग हसला. मग भूक, मग कामात लक्ष. शेवटी तो प्रश्न.

"जीव नकोसा वाटतो का?"

"नाही."

"बरं," म्हणून मी निघालेच.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "काय म्हणाल्या त्या?"

"नाही म्हणाल्या."

कुणीतरी फिसकन हसलं. तोंडानं नाही म्हणताना काकूंची मान हो म्हणत होती. सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून.

"तुम्ही कुठे बघत होतात?"

पिशवीत.

(पिशवीबद्दल: आत वजनकाटा, गोळ्या, मोजपट्टी, निरोधची पाकिटं. पाळी चुकली का, नवरा मारतो का, असलं काही विचारायचं असलं की आम्ही पिशवीत हात घालून काहीतरी शोधतो. हे कुणी शिकवलेलं नाही. समोरच्या बाईला तेवढाच आडोसा. बोलतात त्या, आडोसा असला की.)

"पद्धत चांगलीच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण या एका प्रश्नाला चेहरा बघा. आणि विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही. उलट ओझं उतरतं."

पुन्हा. पिशवीत.

पुन्हा. पिशवीत.

काकूंनी पिशवीच काढून घेतली. मी चपलांकडे बघितलं.

घरी जाताना मात्र बघत गेले. भाजीवाली "ताजी आहे" म्हणाली आणि जुडीची पिवळी बाजू तिच्या तळव्याखाली गेली. शेजारीण "मजेत" म्हणाली, दार अर्धंच उघडून. एवढं सगळं रस्त्यावर उघडं पडलेलं. मला गंमत वाटायला लागली. कोपऱ्यापर्यंत वाटली.

मग घर. घरात धाकटी नणंद. सासर सोडून आली तेव्हापासून खिडकीपाशी बसून असते. विचारलं की म्हणते, "बरी आहे, वहिनी." तेवढं ऐकून मी रोज कणीक मळायला घेते. ते म्हणताना तिचा चेहरा कसा असतो?

आठवेना.

"अगं, माझी पेशंट होतेस? उद्या परीक्षा आहे."

"मला नाही जमत आजारी पडायचं सोंग. तू हो पेशंट. मी तू होते."

आणि उठली. खिडकी सोडून उठली, पिशवी खांद्याला अडकवून दाराबाहेर गेली.

"आहे का कुणी घरात?"

हुबेहूब मी. नाकातला सूरसुद्धा.

"या, बाई. बसा."

"बसायला वेळ कुठे आम्हाला," म्हणत बसली. "झोप लागते?"

"लागते."

"जेवण जातं?"

"वजनकाटा तुमच्याकडेच आहे."

"काट्याची गरज नाही. दिसतंय."

किती दिवसांनी टोमणा मारला हिनं. मग तिनं पिशवीत हात घातला आणि मान खाली गेली. हे मी तिला दाखवलं नव्हतं. तिनं कधी पाहिलं असेल?

"जीव नकोसा वाटतो का तुम्हाला?"

विचारताना मी अशी दिसते तर. नुसता भांग दिसतो.

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला?"

"आम्हाला कोण विचारतं?"

"मी विचारतेय."

तिचा हात पिशवीतून मोजपट्टी घेऊन बाहेर आला. ती बोटाला गुंडाळत राहिली.

"नाही," ती पिशवीला म्हणाली.

आणि मान हलली. वरून खाली.

पाहिलं मी.

घाबरायचं नाही. उपदेश नको. एकटं सोडायचं नाही. दवाखान्यात बरोबर जायचं. सगळं शिकवलेलं एकदम आठवलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. उठले नाही. तिच्या मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"कधीपासून?"

तिनं वर पाहिलं. "हे सोंगातलं विचारतेस की खरं?"

"खरं."

बोटावरची पट्टी सुटली.

"मग आधी गॅस बंद कर, वहिनी. भात करपेल."

मी गेले, पण पाठमोरी नाही. तिच्याकडे बघत, उलट पावली, चाचपडत. चौकटीला टाच आपटली.

"पडशील," ती म्हणाली, आणि तोंडाच्या एका कोपऱ्यात जरासं हसली. तेही मी पाहिलं. गॅस बंद करून परत येऊन बसले.

"हं," मी म्हणाले.

ती सांगायला लागली.